चौथी ओळ

वाटाणे भिजत घालायचे राहिले होते. एवढ्याशा कामासाठी मास्तर रात्री घरातून परत बाहेर पडला.

तारीखही सांगतो. एकोणीस जानेवारी, तीन वर्षांपूर्वीची. वार गुरुवार. वेळ पावणेदहा. बाहेर अशी थंडी की बोलताना दात दातावर आपटत होते.

भाचेबाई, मघाशी तू म्हणालीस ना, उद्या कॉलेजचा तुमचा गट त्या अन्नछत्रात वाढायला जाणार आहे? त्यावरूनच आठवलं. नाहीतर मी ही गोष्ट काढत नाही. तुझ्या मामीलाही अर्धीच माहीत आहे.

"मामा, पण खरी आहे का? की आम्हाला घाबरवायला?"

बनवून सांगायला डोकं लागतं बाई. मी तीस वर्षं बेकरीची गाडी चालवली. पहाटे पाव उतरवायचे, संध्याकाळी रिकामे ट्रे उचलायचे, एवढंच मला येतं. आणि हे माझ्या बाबतीत घडलेलं नाही. मास्तरच्या बाबतीत घडलं. त्याच्याच तोंडून ऐकलंय, आणि तो माणूस थट्टेतसुद्धा खोटं बोलायचा नाही. जवळ सरका, मोबाइल खाली ठेवा, आणि तो दिवा राहू दे बंद. डास येतात.

मास्तर म्हणजे शाळेतला मास्तर नव्हे. तो अन्नछत्राच्या हॉलवर असायचा, तिथले पाव मीच पोचवायचो. बेघर, कामावरून सुटलेले, घरातून हाकललेले असे दीडदोनशे लोक रोज संध्याकाळी तिथे जेवायला यायचे. प्रार्थनामंडळाने चालवलेलं अन्नछत्र. गरम रस्सा, दोन पाव, कधी भात. जेवणाआधी प्रार्थना. ती प्रार्थना लोकांकडून म्हणवून घ्यायचं काम याचं, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणायचे. नाकासमोर चालणारा माणूस. कुणाच्या अध्यात ना मध्यात. म्हाताऱ्यांना हाताला धरून बाकावर बसवायचा. एखाद्या पोराला तिसरा पाव हळूच सरकवायचा. वाईट माणूस असता तर मी ही गोष्ट सांगितलीच नसती. वाईट माणसाला भूत दिसलं तर आपल्याला त्याचं काय?

प्रार्थना चार ओळींची होती. ऐकून ऐकून मलाही पाठ झाली होती.

देणाऱ्या, तुझ्या दारी आलो,
रिकाम्या हातांनी आलो.
जे दिलंस ते गोड मानू,
नाही दिलंस तेही गोड मानू.

झालं. एवढीच.

मंडळाचे प्रमुख होते, त्यांना सगळे मोठे दादा म्हणत. स्वच्छ पांढरे कपडे, मऊ आवाज, हॉलमध्ये आले की दाराशीच उभे राहायचे. आत पाऊल टाकायचे नाहीत. वास यायचा ना. उंटावरून शेळ्या हाकायचं काम. तर त्या जानेवारीत दादांच्या लक्षात आलं की लोक प्रार्थनेला नुसते ओठ हलवतात. काहीजण तर मुद्दाम पाच मिनिटं उशिरा येतात, म्हणजे थेट जेवणालाच. दादांना ते लागलं. म्हणाले, "मास्तर, आपण इथे नुसती पोटं भरत नाही. उद्यापासून एकेकाकडून म्हणून घ्या. ज्याला येईल त्याला ताट. ज्याला येणार नाही त्याने पाठ करून यावं. चार ओळी तर आहेत."

मास्तर म्हणाला, "बरं."

एवढंच म्हणाला. त्याने मला नंतर शंभर वेळा सांगितलं, "मी फक्त बरं म्हणालो रे."

आता गवंड्याचं सांगतो. पन्नाशीचा माणूस असेल. एके काळचा चांगला कारागीर, भिंत अशी उभी करायचा म्हणे की ओळंबा लावायची गरज नाही. तिसऱ्या मजल्याच्या परांचीवरून पडला आणि डोक्याला मार लागला. हातपाय वाचले, पण शब्द गेले. म्हणजे मुका नव्हता. बोलायचा, पण एक शब्द आज, दुसरा थोड्या वेळाने. आणि नवीन काही सांगितलं तर डोक्यात टिकायचं नाही. चाळणीत पाणी. ठेकेदाराने महिनाभर वाट पाहिली, मग दुसरा गवंडी बघितला. बायको आधीच गेलेली. खोली गेली. मग रस्ता, आणि रस्त्यावरून अन्नछत्र.

त्याचे हात मात्र गवंड्याचेच राहिले होते. चुन्या-सिमेंटने फुटलेले, भेगा पांढऱ्या पडलेल्या. कितीही धुतले तरी पांढरेच.

सोमवारी, नऊ तारखेला, बाहेरचे पाहुणे अन्नछत्र बघायला आले. दादांनी फोटोवाला बोलावला. ओळीत पहिला बसलेला हाच होता. त्याच्यापुढे ताट शिगोशीग भरलं, चार पाव ठेवले, आणि "हसा जरा" म्हणून फोटो काढला. तो हसलाही. कुणी हसायला सांगितलं होतं त्याला कितीतरी महिन्यांनी.

मंगळवारपासून नवा नियम सुरू झाला.

मंगळवारी गवंड्याने तीन ओळी म्हटल्या. अडखळत, मास्तरच्या तोंडाकडे बघत बघत. चौथी काही येईना. मास्तरने त्या दिवशी सोडून दिलं. प्रार्थनेचं छापील कार्ड हातात दिलं आणि म्हणाला, "हे ठेवा. उद्या पाठ करून या."

"मामा, त्याला वाचता येत होतं?"

नव्हतं ना. आणि कुणी विचारलंही नाही.

बुधवारी दादा स्वतः दारात उभे. मास्तर ओळीने विचारत चाललाय. गवंड्याची पाळी आली. तो उठून उभा राहिला. दोन्ही हात पुढे जोडलेले. देणाऱ्या, तुझ्या दारी आलो... रिकाम्या हातांनी आलो... जे दिलंस ते गोड मानू... आणि गाडी थांबली. रश्श्याचा वास सुटलेला. मागचे लोक कुजबुजायला लागले, आटप रे बाबा, आटप. मास्तरने हळूच दाराकडे बघितलं. दादा बघत होते.

"पाठ करून या," मास्तर म्हणाला. "उद्या."

गवंडी हलला नाही. म्हणाला, "भूक... आहे, मास्तर."

आणि माझा हा सज्जन दोस्त काय म्हणाला माहीत आहे? म्हणाला, "मग चार ओळी पाठ करायला काय जातं?"

जिभेला हाड नसतं, पोरांनो. असतं तर ती कधीतरी अडकली असती.

गवंडी गेला. मास्तरच्या मनात होतं की दादा गेले की मागच्या दाराने दोन पाव द्यावेत. पण दादा शेवटपर्यंत थांबले. मग भांडी, मग झाडलोट, मग विसरला.

त्या संध्याकाळी मी रिकामे ट्रे उचलायला गेलो होतो. गाडी मागच्या बोळातून काढताना तो मला दिसला. स्वयंपाकघराचं धुराडं मागच्या भिंतीतून बाहेर येतं, त्याच्याखाली भिंत जरा कोमट असते. तिथे पाठ टेकून बसला होता. हातात काहीतरी पांढरं धरलेलं, आणि ओठ हलत होते. मला वाटलं, प्यायलाय. माझ्या गाडीत त्या दिवशीचे उरलेले बारा-पंधरा पाव होते. काच खाली करायची, हाक मारायची, बस. थंडी होती. काच खाली नाही केली.

...

हे मामीला माहीत नाही.

गुरुवारी पहाटे साडेपाचला मी पाव घेऊन गेलो. तो तिथेच होता. तसाच बसलेला. कार्ड मुठीत इतकं घट्ट की पोलिसांना काढता येईना. स्वयंपाकघर नऊला बंद झालं असणार, धुराडं दहापर्यंत गार. त्यानंतर ती भिंत इतर भिंतींसारखीच.

दादांनी संध्याकाळी हॉलमध्ये दोन मिनिटं शांतता पाळायला लावली. शनिवारी सोमवारचा फोटो मोठा करून दारावर लावला. भरलेलं ताट, हसणारा गवंडी, खाली अक्षरं: 'इथून कुणी उपाशी जात नाही.'

मास्तर रोज त्याच दारातून आत जायचा.

आता त्या रात्रीकडे येऊ. आठ दिवस झाले होते. आचाऱ्याला ताप भरला म्हणून तो लवकर घरी गेला आणि साडेनऊला मास्तरला फोन केला, "वाटाणे भिजत घालायचे राहिलेत हो, सकाळी शिजणार नाहीत." मास्तर म्हणाला, जातो. घर दहा मिनिटांवर. वहिनी म्हणाल्या, मफलर घ्या. घेतला. मागच्या दाराचं कुलूप उघडून स्वयंपाकघरात गेला. दिवा लावला. पोतं उघडलं, वाटाणे मोठ्या पातेल्यात ओतले, नळ सोडला.

शेगडीवर दुसऱ्या एका पातेल्यात रात्रीचा रस्सा उरला होता. झाकलेला. अजून कोमट. हे लक्षात ठेवा. मास्तर तेव्हा विसरला.

नळ बंद केला आणि त्याला वाटलं, हॉलमध्ये कुणीतरी बोलतंय.

हॉल आणि स्वयंपाकघर यांच्या मधे वाढायची खिडकी आहे. तिला लोखंडी शटर. रात्री ते पूर्ण खाली असतं. त्या रात्री वीतभर वर होतं. आचाऱ्याने घाईत नीट ओढलं नसेल. पलीकडे अंधार.

मास्तरने कान दिला. काही नाही. कुणी आत अडकलं की काय, असं वाटून त्याने हाक मारली, "कोण आहे?"

काही नाही.

तो पुन्हा वाटाणे चाळवायला लागला. हात पाण्यात. आणि मग नीट ऐकू आलं.

"देणाऱ्या... तुझ्या... दारी आलो."

मास्तर म्हणाला, पहिल्यांदा भीती वाटलीच नाही. पहिल्यांदा वाटलं की आपणच मनात म्हणतोय. दिवसातून दोनशे वेळा ऐकायचं, कानात बसणारच.

"रिकाम्या... हातांनी आलो."

आवाज लांबून येत होता. हॉलच्या टोकाकडून.

"जे दिलंस... ते... गोड मानू."

मग थांबला.

मास्तर पाण्यात हात घालून उभा. मोजत होता म्हणे. वीस मोजले. तीस मोजले. मग पुन्हा पहिल्यापासून. देणाऱ्या. तुझ्या दारी आलो. तीन ओळी. आणि थांबला. पुन्हा पहिल्यापासून. दर वेळी थोडा जवळून.

त्याने हॉलचं दार उघडलं. बटण दाराशीच आहे. दाबलं.

हॉल रिकामा. रात्री फरशी पुसायला सगळे बाक उलटे करून टेबलांवर ठेवतात. सगळे तसेच. पाय वर केलेले. एक सोडून. तिसऱ्या रांगेतला एक बाक खाली होता. सरळ मांडलेला.

आवाज बंद.

"मामा, पळाला का नाही तो?"

मीही हेच विचारलं. तो म्हणाला, "कुठे पळू? कुलूप मीच लावतो ना रोज." मला नाही कळलं याचा अर्थ. तुम्हाला कळला तर सांगा.

त्याने दिवा मालवला. का, ते त्यालाही ठाऊक नाही. परत स्वयंपाकघरात आला. दार लावून घेतलं. पातेल्यावर झाकण ठेवायचं आणि निघायचं. झाकण सापडेना. झाकण सापडलं.

आणि शटरच्या फटीतून ताट आत आलं.

रिकामं ताट. हळूहळू सरकत. लोखंडावर घासत. अर्धं आत आलं आणि थांबलं.

ताट धरलेले दोन हात.

भेगा पडलेले. भेगांत पांढरं.

...



मग शटरच्या पलीकडून, अगदी जवळून...

"मास्तर... पाठ... केलं."

...

"देणाऱ्या, तुझ्या दारी आलो."

या वेळी अडखळला नाही. सरळ म्हणाला.

"रिकाम्या हातांनी आलो."

ताट हलत नव्हतं.

"जे दिलंस, ते गोड मानू."

आणि...

आणि पुढचं येईना. मास्तरला ऐकू येत होतं, पलीकडे माणूस शब्द शोधतोय. ओठ उघडतात, मिटतात, त्याचा आवाज. श्वासाचा नाही. श्वास नव्हताच, मास्तर म्हणाला. फक्त ओठांचा.

"पुढे... काय... मास्तर?"

आता इथे नीट ऐका. हे सांगताना मास्तर माझ्यासमोर लहान मुलासारखा रडला. डाव्या हाताला शेगडी. शेगडीवर रस्सा. डाव पातेल्यातच होता. झाकण काढायचं, एक डाव वाढायचा. हातभर अंतर. ताट समोर आलेलं. माणूस समोर आलेला. मेलेला का होईना, आठ दिवसांचा उपाशी. आणि नियमाचा मालक घरी झोपलेला. बघणारं कुणी नाही. त्या बुधवारी जे करायचं राहिलं ते आज करून टाकायला देवाने दुसऱ्यांदा आणून दिलेलं.

आणि याच्या तोंडून काय निघालं?

"नाही दिलंस... तेही गोड मानू."

त्याने ओळ सांगितली रे. सवयीने. अडलेल्याला पुढची ओळ सांगतात तशी, अगदी मऊ आवाजात. दोनशे लोकांना रोज सांगायचा तशी.

पलीकडे शांत.



मग गवंडी म्हणाला, "हे... नाही... म्हणवत."

हातांनी ताट सोडलं. आपटलं नाही, फेकलं नाही. जपून टेकवलं आणि सोडलं. ओल्या भिंतीवर वीट ठेवतात तसं. आणि हात अंधारात मागे गेले.

तेव्हा मास्तरचं डोकं ठिकाणावर आलं. त्याने झाकण भिरकावलं, ताट भरलं, सांडत सांडत दार उघडून हॉलमध्ये धावला. "घे रे बाबा! घे! नको प्रार्थना! तसंच घे!" दिवा लावला. बाकांखाली बघितलं. पुढचं दार उघडून रस्त्यावर गेला. मागच्या बोळात गेला, धुराड्याखाली. "गवंडीबुवा!" म्हणून ओरडत होता. वरच्या खिडकीतून कुणीतरी शिवी हासडली. रस्त्यावर एक कुत्रं नाही.

त्या तिसऱ्या रांगेतल्या बाकासमोर ताट ठेवून तो उजाडेपर्यंत बसला. पहाटे मी पाव घेऊन गेलो तर पुढचं दार सताड उघडं आणि हा बसलेला. मला बघून एवढंच म्हणाला, "अरे, मी त्याला ओळ सांगितली."

दोन दिवसांनी त्याने सगळं सांगितलं. मला, आणि मग दादांना. मी सोबत होतो. मला वाटलं होतं, दादा ओशाळतील, निदान नियम तरी काढतील. दादांनी डोळे मिटले. मग उघडले. डोळ्यांत पाणी होतं, खोटं सांगत नाही. म्हणाले, "मास्तर, केवढी मोठी साक्ष आहे ही! मेल्यावरही त्या जिवाला आपली प्रार्थना सोडवली नाही." आणि पुढच्या सभेत त्यांनी हे व्यासपीठावरून सांगितलं. चौथ्या ओळीचं तेवढं सांगितलं नाही. लोकांनी डोळे पुसले. नियम अजून आहे. फोटोही आहे दारावर. उद्या जाशील तेव्हा... नाही, तुमचं ते दुसरं असेल. असली ठिकाणं काय, एक का आहेत?

मास्तरने काम सोडलं. कुरियरच्या गोदामात लागला, पेट्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला. तिथे कुणाकडून काही म्हणवून घ्यावं लागत नाही.

"मग संपलं? भूत परत आलंच नाही?"

नाही आलं. तेच तर. एकदाही नाही. मास्तर वाट बघायचा. रात्री पावणेदहाला त्या बोळात डबा घेऊन जाऊन उभा राहायचा, वर्षभर. कुणी आलं नाही.

एवढंच असतं तर मी म्हणालो असतो, मनाचे खेळ. माणूस मनाला लावून घेतो, हात दिसतात, आवाज येतात. मीही त्या बोळातून जाताना काच खाली ठेवतो अजून, काय सांगू. पण गेल्या महिन्यात मी मास्तरकडे जेवायला गेलो होतो. बघितलं तर पार वाळलेला. मी वहिनींना म्हटलं, "अहो, याला काही खायला घालता की नाही?" त्या म्हणाल्या, "बसा, बघा तुम्हीच."

आम्ही तिघं बसलो. वहिनींनी पातेलं शेगडीवरून तसंच उचलून आणलं. रस्सा उकळत होता, बुडबुडे फुटत होते. माझ्या ताटात वाढला. वाफ माझ्या चष्म्यावर आली. स्वतःच्या ताटात वाढला. वाफ. मग त्याच पातेल्यातून, त्याच डावाने, मास्तरच्या ताटात.

डावातून खाली येईपर्यंत वाफ होती. मी बघितली.

ताटाला लागला, आणि...

नाही.

"रोज असंच," वहिनी हळूच म्हणाल्या. "दोन्ही वेळा. ताट बदलून बघितलं, घर बदलून बघितलं."

मास्तर माझ्याकडे बघत होता. म्हणाला, "हात लाव."

मी बोट बुडवलं.

गार. रात्रभर उघड्यावर राहिल्यासारखं गार.

मास्तरने पाव मोडला आणि मान खाली घालून खायला लागला.